मांडवाआधी हजेरीपट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्या तालुका पानावर ‘पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला वर्ग’ अशा मथळ्याच्या बातम्या सुरू होतात. फेटे बांधलेले माजी विद्यार्थी, शाल पांघरून खुर्चीत बसवलेले गुरुजी आणि मागे दहावीच्या बॅचचं साल लिहिलेला मोठा फलक. या बातम्या आम्ही आवर्जून वाचतो आणि असे मेळावे व्हावेत असं मनापासून वाटतं. बातमीत ‘साठ माजी विद्यार्थी उपस्थित होते’ असा आकडा असतो. त्या वर्षी वर्गात एकूण किती मुलं होती हा आकडा मात्र कधी नसतो, कारण तो बहुतेक वेळा आयोजकांनाही ठाऊक नसतो. मांडव, जेवण आणि स्मृतिचिन्हं यांची चर्चा तीन महिने चालते, पण हजेरीपट, म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांची यादी, कुणी मागत नाही. त्याविषयी हे पत्र.

गट कसा जमतो ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर सुरुवात होते ती बहुधा ‘अ’ तुकडीतल्या दहा-पंधरा जणांपासून. बऱ्याच शाळांत पहिल्या घटक चाचणीच्या नाहीतर आदल्या वर्षीच्या गुणांवर तुकड्या पडत, म्हणजे ‘अ’ तुकडी हुशारांची. त्यातला प्रत्येक जण आपल्या बाकावरच्याला नाहीतर आपल्या आळीतल्याला जोडतो. गट ऐंशीपर्यंत जातो आणि ‘सगळे आले’ असं वाटून थांबतो. ‘ब’ आणि ‘क’ तुकडी, एसटीने येणारी वाड्यावस्त्यांवरची मुलं, लग्न होऊन नाव बदललेल्या मुली आणि आठवी-नववीतच शाळा सुटलेली मुलं त्यात नसतात. यात कुणाची खोट नसते. नुसत्या आठवणीवर यादी केली की असंच होतं.

यादीचा खरा आधार म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. शाळेतल्या बाकीच्या बहुतेक दप्तराला मुदत असते. ती संपली की हजेरीपत्रकं, गुणतक्ते, उत्तरपत्रिका यांचं रीतसर निर्लेखन होतं, म्हणजे नोंद करून ते कागद काढून टाकले जातात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपायचं असतं, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. त्यात रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा असे रकाने असतात. (जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने ‘१ जून’ दिसलं तर चकित होऊ नये. खेड्यापाड्यांतून ज्यांचा जन्मदाखला नव्हता, त्यांना गुरुजींनी नाव घालताना दिलेला तो वाढदिवस आहे.)

अडचण अशी की हे रजिस्टर दाखल झाल्याच्या क्रमाने भरलेलं असतं, बॅचप्रमाणे नाही. म्हणून हिशोब मागे जाऊन करावा लागतो. मार्च १९९० मध्ये दहावी दिलेली बॅच पाचवीत आली जून १९८४ मध्ये. जी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून आली, त्यांची नावं जून १९८७ च्या पानांवर सापडतील. ही दोन्ही वर्षं पाहूनही थोडी नावं राहतात, ती मधल्या वर्षांत बदलीच्या नोकरदारांबरोबर आलेल्या मुलांची. त्यांच्यासाठी उलट्या बाजूने जावं. शाळा सोडल्याच्या रकान्यात जून ते ऑगस्ट १९९० मधल्या तारखा शोधाव्यात, कारण निकालानंतर अकरावीच्या प्रवेशासाठी सगळेच दाखला नेत. १९७५ पासून दहावीची नवी परीक्षा सुरू झाली. त्याआधीच्या बॅच अकरावीच्या, तेव्हा पाचवीपासून सहा नव्हे, सात वर्षं मोजावीत. मार्च १९७० ची अकरावी म्हणजे जून १९६३ ची पाचवी.

समजा, या पद्धतीने २१० नावं मिळाली आणि दहावीला प्रत्यक्ष बसलेली मुलं १६५ होती. मधली ४५ कोण? कुणी नववीत राहिला, कुणाचे वडील गेले आणि तो गॅरेजमध्ये लागला, कुणी आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत आलीच नाही, कुणाचं नववीच्या सुट्टीत लग्न झालं. काहींनी पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली, काहींनी ऑक्टोबरच्या वाऱ्या करून एकेक विषय सोडवला. ही सगळी त्या वर्गाचीच मुलं. चार वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलाला निकालाच्या कागदावर नाव नाही म्हणून वगळायचं, हे आम्हाला अजिबात पटत नाही. ‘आपण पास झालो नाही, आपल्याला कोण बोलावणार’ असं समजून ही मंडळी स्वतःहून कधी गटात येत नाहीत. त्यांच्या घरी दोघांनी जाऊन बोलावणं करावं लागतं. फोन पुरत नाही.

रजिस्टर पाहण्याचीही एक रीत आहे. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज द्यावा. त्यात बॅचचं साल, हेतू आणि येणाऱ्या दोघांची नावं लिहावीत. रजिस्टर कार्यालयाबाहेर नेऊ नये आणि पानांचे फोटो काढू नयेत. त्या पानांवर जात, जन्मतारीख, शेरे असतात. असं एखादं पान गटात फिरलं तर ज्याला लागायचं त्याला ते कायमचं लागतं. लिपिकांनी फक्त नाव, गाव, दाखल आणि सोडल्याचं वर्ष वाचून दाखवावं, आपण वहीत उतरवावं. तीन तुकड्यांच्या बॅचला दोन माणसांचे दोन दिवस लागतात. आडनाव, नाव, वडिलांचं नाव हा क्रम मोडू नये. एकाच वर्गात एकाच आडनावाची सात-आठ मुलं असतात, तिथे वडिलांच्या नावाशिवाय घोटाळा ठरलेलाच.

मुलींच्या बाबतीत माहेरचं नाव आणि आताचं नाव असे दोन रकाने ठेवावेत आणि बिल्ल्यावर दोन्ही छापावीत. शोध माहेरच्या वाटेने घ्यावा: भाऊ, भावजय, शेजार. निरोप पोचवताना नंबर परस्पर गटात टाकू नये. आधी वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीने बोलावं आणि त्यांनी होकार दिल्यावरच जोडावं. कार्यक्रम सकाळी दहाला सुरू करून चारला संपवला तर बाहेरगावच्या बहिणी उजेडात परत पोचतात. रात्रीचं जेवण आणि ऑर्केस्ट्रा ठेवला की मुलींची उपस्थिती निम्म्यावर येते, आणि मग ‘मुली येतच नाहीत’ असं म्हणायला आपण मोकळे.

तारखेबद्दल प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा. भाऊबीजेनंतरचे दोन दिवस माहेरवाशिणींसाठी सर्वांत सोयीचे, म्हणून बहुतेक बॅच ती तारीख धरतात. पण बीड-नगरकडच्या ज्या गावांतून माणसं ऊसतोडीला जातात, तिथले वर्गमित्र दसऱ्यानंतर उसाच्या फडावर गेलेले असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, येत नाहीत. तिथे चैत्रातली गावची जत्रा धरावी, आदला दिवस उत्तम. कोकणात चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. गणपतीत घर सोडवत नाही आणि शिमग्याच्या सुमारास शाळा बोर्डाचं परीक्षा केंद्र असते, आवारात कार्यक्रम करता येत नाही. तिथे मे महिन्याचा दुसरा आठवडा बरा, मात्र पाण्याची सोय दुप्पट करावी आणि कार्यक्रम वर्गात घ्यावा, पटांगणात नाही. दिवाळी आणि मे दोन्हीत शाळेला सुट्टी असते, म्हणून आवाराची लेखी परवानगी आणि किल्ली कुणाकडे राहणार हे सुट्टी लागण्याआधी पक्कं करावं.

आता वर्गाच्या फोटोंविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आहे.

निरोप समारंभाच्या दिवशी काढलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली ‘खुर्चीवर बसलेले डावीकडून’ अशी नावं छापलेला फोटो हा त्या वर्गाचा एकमेव कागद, ज्यात चेहरा आणि नाव शेजारी शेजारी आहेत. जुने कृष्णधवल फोटो कोरड्या जागी असतील तर पन्नास-साठ वर्षं सहज टिकतात. ऐंशीच्या दशकापासूनचे रंगीत फोटो मात्र उडतात. निळा-हिरवा रंग आधी जातो आणि सगळा वर्ग लालसर दिसू लागतो. म्हणजे १९६५ च्या बॅचपेक्षा १९९० च्या बॅचला घाई जास्त आहे.

हे फोटो गटात कसे येतात? भिंतीवरच्या चौकटीचा मोबाइलने काढलेला फोटो, काचेवर ट्यूबलाइटची रेघ आणि पहिल्या रांगेतल्या दोघांच्या चेहऱ्यावर काढणाऱ्याचं प्रतिबिंब. त्याऐवजी फोटो चौकटीतून काढून सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करावा. सहा बाय आठ इंची फोटोची ३६०० बाय ४८०० ठिपक्यांची प्रत होते. गटफोटोत एक चेहरा साधारण सहा मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे त्याला सुमारे १४० ठिपके मिळतात आणि चेहरा ओळखू येतो. हीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी पाठवली की लांब बाजू १६०० च्या आसपास येते आणि चेहऱ्याला उरतात पन्नासहून कमी ठिपके. मागच्या रांगेतला मुलगा कोण, यावर मग वाद. म्हणून पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं आणि मूळ प्रत वेगळी ठेवावी. पुठ्ठ्याचा खालचा नावांचा भाग कापून स्कॅन करू नये, तोही एकत्रच घ्यावा. मागच्या बाजूलाही एक स्कॅन करावा. फोटोग्राफरचा शिक्का, तारीख, कधीकधी गुरुजींच्या अक्षरातली नावं तिथेच असतात.

फोटो ओल धरून काचेला चिकटला असेल तर ओढू नये, ब्लेड घालू नये, पाण्यात तर मुळीच भिजवू नये. प्रतिमेचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. अशा वेळी काचेसकट, दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तिरपा ठेवून, मागे काळं कापड धरून कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. हौसेने केलेलं लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही, आत ओल अडकली तर डाग आतल्या आत वाढतात. शाळेला भेट म्हणून मूळ फोटो लॅमिनेट करून देणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

शाळेतल्या कपाटात आणखी काय असतं, हेही बॅचने एकदा विचारावं. वर्गाचं हस्तलिखित, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, फिशपाँडच्या चिठ्ठ्यांची वही, सहलीच्या खर्चाचा कागद, विज्ञान प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र. हस्तलिखितं ही तर एकुलती एक असतात. सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून उतरवून घेतलेली, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ रंगवलेली, दुसरी प्रतच नाही. शाळेची नवी इमारत झाली की सामान हलवताना हीच कागदपत्रं पहिली रद्दीत जातात. त्यांना वाळवी आणि कसर खालून आणि भिंतीकडून लागते. कपाट जमिनीपासून सहा इंच उचललेलं आणि भिंतीपासून वीतभर दूर असावं, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता धुतलेल्या सुती रुमालात बांधावेत. (‘दप्तर’ या शब्दाचा मूळ अर्थ कागदपत्रं हाच. पाठीवरची पिशवी नंतरची.) नदीकाठच्या गावांत हे कपाट तळमजल्यावर ठेवूच नये. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाडकडे पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. वही भिजलीच तर उन्हात वाळवू नये आणि चिकटलेली पानं ओली असताना सोडवू नयेत. सावलीत, पंख्याखाली, थोड्या थोड्या पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून, तो बदलत बदलत वाळवावी. छापील वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई पानावर उतरते.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे शिक्षक. माध्यमिक शाळेतले शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. १९९० साली जे पंचेचाळिशीत होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखांच्या संस्थांत शिक्षकांच्या बदल्या होतात, त्यामुळे गावातून कुणाचा पत्ता लागत नाही. तिथे संस्थेच्या कार्यालयाला पत्र लिहावं. पत्ता हाती मागण्याऐवजी ‘हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवावा’ अशी विनंती केली तर काम लवकर होतं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे म्हणून त्यांना एसटीने या म्हणू नये. गाडी पाठवावी आणि आणायला त्यांचाच जुना विद्यार्थी जावा.

व्यासपीठावर बसवून ‘सरांनी दोन शब्द बोलावेत’ म्हटलं की सर आशीर्वाद देतात आणि बसतात. त्यांना जे माहीत आहे ते तिथे निघत नाही. ते घरी जाऊन, मेळाव्याच्या महिनाभर आधी, ध्वनिमुद्रित करावं. दोनच माणसं जावीत. पंखा आणि टीव्ही बंद, मोबाइल विमान मोडवर, कॉलरला लावायचा साधा माइक, सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव. चाळीस मिनिटांहून जास्त ताणू नये, पुन्हा जावं. ‘तुम्हाला आमच्याबद्दल काय वाटतं’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं. त्याऐवजी वर्गाचा फोटो हातात द्यावा आणि बारीक विचारावं. प्रयोगशाळेत गॅस होता की स्पिरिटचा दिवा? टोल म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा कुठून आणला होता? पाचवीच्या मुलांना बाक कधी मिळाले, त्याआधी बसायला काय होतं? संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर मुली कुणाच्या घरी राहत? शिपाईमामांना आणि जुन्या लिपिकांनाही असंच गाठावं. कुलपाच्या किल्लीपासून कुणाची फी कुणी भरली इथपर्यंतचं त्यांना माहीत असतं. मात्र फी कुणी कुणाची भरली हे छापायचं झालं तर दोघांनाही आधी विचारावं.

वर्गणीचं थोडक्यात. रक्कम सर्वांना सारखी जाहीर करावी, पण कुणी किती दिली याची यादी गटात टाकू नये. यादीला लाजून न येणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. खातं दोघांच्या सहीचं ठेवावं. शाळेला वस्तू द्यायची तर संस्थेची पावती घ्यावी आणि डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाल्याचं पाहावं. नोंद नसलेली वस्तू पुढच्या मुख्याध्यापकांच्या लेखी अस्तित्वातच नसते. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र सर्वांना द्यावंसं वाटतं. त्याची गाळणी सहा महिने ते वर्षात बदलावी लागते, पडदा (मेम्ब्रेन) दोन-तीन वर्षांत, आणि तो पैसा शाळेकडे नसतो म्हणून यंत्र तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात जातं. रकमेचा पाचवा हिस्सा देखभालीसाठी राखता येत नसेल तर यंत्र देऊ नये. त्याच पैशात एक लोखंडी कपाट, बॅचचे स्कॅन केलेले फोटो आणि हजेरीपट यांच्या बांधीव प्रती होतात. छपाई जाड कागदावर आणि लेझरवर करावी, साध्या इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. एक प्रत शाळेला, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाला, एक बॅचकडे. पेनड्राइव्ह सोबत द्यावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

मेळाव्याच्या दिवशी स्वागत-सत्कार आटोपशीर ठेवून हजेरी घ्यावी. गुरुजींनी किंवा बाईंनी खुर्चीवर बसून, तुकडीवार, सगळी २१० नावं पुकारावीत. अर्धा तास लागतो. न आलेल्याबद्दल ज्याला माहिती आहे त्याने एका वाक्यात सांगावं. जे हयात नाहीत त्यांची नावं गाळून शेवटी वेगळी श्रद्धांजली वाहण्यापेक्षा, ती आपल्या क्रमांकावरच पुकारावीत आणि क्षणभर थांबावं. त्याआधी प्रत्येक नावाची खात्री घरच्यांकडून करून घ्यावी. ऐकीव माहितीवर जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार घडले आहेत, आणि त्याची भरपाई होत नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. मेळावा झाल्याची बातमी आपण छापताच. त्यासोबत आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा ‘वर्गशोध’ म्हणून द्यावी: शाळा, गाव, दहावीचं साल, कोणत्या सालचा वर्गफोटो किंवा हस्तलिखित हवं आहे आणि संपर्कासाठी शाळेचं कार्यालय. व्यक्तींची नावं आणि फोन छापू नयेत. आपला अंक जिथे व्हॉट्सअ‍ॅप पोचत नाही अशा पुष्कळ ओसऱ्यांवर वाचला जातो.

आणि येत्या दिवाळीचा विचार करणाऱ्यांनी रजिस्टरसाठी अर्ज ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावा. जूनमध्ये प्रवेश आणि दाखल्यांची गर्दी असते. गणपतीनंतर सहामाही परीक्षा येते, त्यापाठोपाठ सुट्टी लागते आणि कार्यालयाला कुलूप.

आपले,
माध्यमिक शाळेच्या वर्गात आणि कार्यालयात काम करून निवृत्त झालेले काही शिक्षक व लिपिक